भांगाच्या तिथीला अर्नाळ्याच्या बेटावर

आई प्रवासात पाणी पीत नाही. मुंबईतल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायका पीत नाहीत. आदल्या रात्रीपासूनच त्या कमी प्यायला लागतात, सकाळचा चहा अर्धा कप घेतात आणि रक्तदाबाची गोळी घरी आल्यावर घेऊ म्हणून ठेवून देतात, कारण त्या गोळीने सारखं जावं लागतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. खाली बसायचं टॉयलेट तिला वापरता येत नाही आणि ओल्या फरशीची तिला धास्ती वाटते. वाटेत धड टॉयलेट मिळेल याची खात्री नाही, म्हणून लग्नकार्यं सुटली, देवदर्शनं सुटली, आणि शेवटी गोरेगावच्या घरापासून रिक्षाने जाऊन परत येता येईल तेवढंच तिचं फिरणं उरलं.

एक ठिकाण मात्र तिच्या मनातून गेलं नव्हतं, अर्नाळ्याचा किल्ला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, तोवर ती निवृत्तही झाली होती. तिची बरीचशी नोकरी आगाशीत गेली आणि तिच्याबरोबर डी.एड. केलेल्या मैत्रिणीची नेमणूक किल्ल्यावर होती. त्या बाई रोज नावेने शाळेत जायच्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला हातात, हजेरीपट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. केंद्राच्या बैठकीला उशीर झाला की त्या ‘पाणी नव्हतं’ एवढंच सांगायच्या आणि नवीन आलेल्या साहेबांना त्याचा अर्थ कळायचा नाही. नाव हलायला पुरेसं पाणी नव्हतं, असं त्यांना सांगायचं असे. ‘एकदा ये गं माझ्या शाळेत’ हे त्यांचं बोलावणं वर्षानुवर्षं राहिलं. मग त्या गेल्या. त्यानंतर आई कधीतरी जेवताना मध्येच म्हणायची, ‘किल्ल्यावरची शाळा बघायची राहिलीच.’

अर्नाळा म्हटलं की मुंबईकराला किनाऱ्यावरची रिसॉर्ट आठवतात. किल्ला त्या किनाऱ्यावर नाही. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्यापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर एक बेट आहे. बेटावर किल्ला, किल्ल्याभोवती कोळ्यांची दाट वस्ती आणि अर्नाळा किल्ला या नावाची स्वतंत्र ग्रामपंचायत. पूल नाही. जायचं ते नावेने. गोरेगावहून हे सगळं एवढं जवळ, तरी आईसारख्या माणसाला तिथे पोचवायचं तर दिल्लीच्या प्रवासापेक्षा जास्त तयारी लागते. ती तयारी कशी केली ते नीट लिहून ठेवते आहे, कारण घरात गुडघे दुखणारं माणूस असलेले अनेक जण हीच अडचण घेऊन बसलेले मला माहीत आहेत.

विरार लोकलमध्ये आईला चढवणं हा विषयच नव्हता. टॅक्सीने गेलो तरी टॉयलेटचा प्रश्न जागच्या जागी. म्हणून कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच पलंग आणि टॉयलेट असलेली गाडी. नवऱ्याला आधी हे फार वाटलं. मी म्हटलं, आपण गाडी भाड्याने घेत नाही आहोत, तिच्यासाठी टॉयलेट घेतोय; झोपायची सोय वर आली.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने देणारे मुंबईत आणि आसपास सापडतात. सापडल्यावर पहिली गोष्ट मागायची ती आरसी बुकाची प्रत. बऱ्याच गाड्या मुळात प्रवासी वाहतुकीच्या असतात आणि आतल्या सीट काढून त्यांत पलंग, ओटा, गॅस बसवलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय, किती माणसांची नोंद आहे, विमा त्याच प्रकाराचा आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे, एवढं पाहायचंच. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर निस्तरायचं आपल्याला असतं. एकाने ‘मॅडम, कोणी विचारत नाही’ म्हणून प्रत द्यायचं टाळलं. त्याचा नंबर मी तिथेच काढून टाकला. पुढच्या माणसाने न मागता सगळे कागद पाठवले, चालकही त्यांचाच असणार होता. त्यांच्याकडेच ठरवलं.

पैसे देण्याआधी आईला त्यांच्या यार्डात घेऊन गेलो. याचा फार उपयोग झाला आणि प्रत्येकाने हे करावं असं मला वाटतं. फोटोत सगळं छान दिसतं. पायऱ्यांची उंची फोटोत कळत नाही. दाराची पहिली पायरी जमिनीपासून एवढी वर होती की आईला पाय टाकता येईना. चालकदादांनी लगेच लाकडी पाट आणून ठेवला आणि तो गाडीबरोबर द्यायचं कबूल केलं. मग आई आत जाऊन टॉयलेटवर बसली, उठली, परत बसली. धरायला काही नव्हतं. त्यांनी भिंतीला स्टीलची दांडी ठोकून घेतली. ‘आता जमेल,’ असं ती म्हणाली तेव्हाच मी आगाऊ रक्कम दिली.

आत काय असतं तेही सांगते. मागे दोन पलंग, मध्ये बाक जो रात्री उघडून तिसरा पलंग होतो, एक शेगडीचा छोटा गॅस, लहान फ्रिज, बेसिन. टॉयलेट कॅसेटचं, म्हणजे खाली वीसेक लिटरचा एक डबा असतो, त्यात वास येऊ न देणारं रसायन घालतात आणि भरला की तो बाहेरून सरकवून काढतात. वापरायच्या पाण्याची टाकी शंभर लिटरची. ऐकायला भरपूर वाटतं, पण घरी आपण आंघोळीलाच किती ओततो ते आठवलं की समजतं. आम्ही ठरवून टाकलं, टाकीचं पाणी हात, तोंड, भांडी आणि टॉयलेटसाठी. प्यायला वीस लिटरचा वेगळा जार. विजेचंही तसंच. दिवे, पंखे, फ्रिज, फोनचं चार्जिंग बॅटरीवर रात्रभर चालतं, एसी चालत नाही. एसीसाठी बाहेरून सोळा अँपिअरचा प्लग हवा किंवा जनरेटर. रात्री मुक्कामाला कुणाच्या दारात जनरेटर घरघरत ठेवणं मला पटत नव्हतं, म्हणून आधीच विचारून प्लग मिळेल अशी जागा शोधली. आगाशीतल्या आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या दिराची अर्नाळ्यात वाडी आहे. माडाखाली गाडी उभी करायला जागा, विहीर, प्लग. ‘बाई येणार असतील तर पैसे कसले,’ असं त्या म्हणाल्या. आईने पैसे घेतले तरच येईन असं कळवलं, मग त्या तयार झाल्या.

आता मुख्य गोष्ट, दिवस कोणता. इथे बाकी सगळ्यांनी सुट्ट्या पाहिल्या आणि आईने तिथी पाहिली. समुद्राकाठी नोकरी केलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सहा तासांवर काही मिनिटांनी ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. पण नुसती वेळ पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आईला नावेत चढवायचं तर नाव वाळूच्या जितकी जवळ लागेल तितकं बरं, आणि ती दिवसभर जवळ लागायला हवी, कारण परत येतानाही चढायचं-उतरायचं आहेच. उधाणाच्या ओहोटीला नाव लांब चिखलात राहते आणि तेवढं चालत जावं लागतं. म्हणून भांग. माघातली वद्य सप्तमी रविवारी येत होती. सात पाऊण सव्वापाच, म्हणजे पहाटे भरती, साडेसातला पाणी अजून बरंच वर, दुपारी ओहोटी तीही उथळ, आणि साडेतीनपर्यंत पाणी परत चढायला लागलेलं. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी मी पडताळून पाहिलं. आईचा हिशेब बरोबर होता.

शनिवारी पहाटे निघालो. सोसायटीच्या कमानीखालून गाडी येणार नव्हती. छतावर एसीची पेटी असल्याने ती जवळजवळ तीन मीटर उंच. आईला रस्त्यापर्यंत चाकाच्या खुर्चीत नेलं. मुंबईत अशी गाडी चालवताना लक्ष वरच ठेवावं लागतं. उड्डाणपुलांच्या तोंडाशी आणि सबवेंच्या आधी लावलेले आडवे लोखंडी दांडे, खाली लोंबणाऱ्या केबल, पावसाळ्यात न छाटलेल्या फांद्या. चालकदादांनी पश्चिम द्रुतगती मार्ग धरला तो काशिमिऱ्यापर्यंत सोडला नाही. तिथून भाईंदरचा उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला जेट्टीवर.

भाईंदर-वसई रो-रो, म्हणजे गाड्या चढवून पलीकडे नेणारी बोट, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नाहीतर घोडबंदर, महामार्ग असा जवळपास चाळीस किलोमीटरचा वळसा पडतो आणि त्या रस्त्यावर कुठे किती वेळ अडकू ते सांगता येत नाही. रो-रोने पंधरा-वीस मिनिटांत खाडी पार होते. लांब गाडीला इथेही पाण्याची पातळी बघावी लागते. ओहोटीला बोट खाली जाते, रॅम्पचा उतार वाढतो आणि मागच्या चाकामागे जास्त लांबी असलेल्या गाडीची शेपटी जमिनीला घासू शकते. आम्ही अर्ध्या ओहोटीला पोचलो होतो. जेट्टीवरच्या मुलाने वाकून मागच्या बंपरखालून पाहिलं, हाताने हळूहळू बोलावत गाडी आत घेतली आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. गॅसचा कॉक आम्ही घरूनच बंद करून निघालो होतो.

बोट सुटल्यावर मागे रेल्वेचे पूल आणि त्यांच्यामध्ये पाणजू बेट दिसतं. रोज लाखो माणसं लोकलमधून त्या बेटावरून जातात आणि तिथे स्टेशन नाही. आई खिडकीशी बसून बघत होती. वारा सुटला होता. तिने स्वतःहून बाटली मागितली, अर्ध्याहून जास्त संपवली आणि थोड्या वेळाने दांडीला धरून टॉयलेटला जाऊन आली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. गाडीचं भाडं तिथेच वसूल झालं होतं.

वसईच्या किल्ल्यापाशी उतरून गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी असा आतला रस्ता घेतला. महामार्गाने नालासोपाऱ्याकडे गेलो असतो तर इमारतीच इमारती दिसल्या असत्या. या बाजूला अजून वाड्या आहेत. केळी, नारळ, पानवेली, विहिरी, दर थोड्या अंतरावर चर्च किंवा देऊळ. रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी फाटकात शिरावं लागतं. आगाशीत आईने गाडी थांबवायला लावली आणि सुकेळी घेतली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गडद होतात. हल्ली फार थोडी घरं हे करतात, कारण राजेळीची लागवडच कमी झाली आहे. शाळेच्या रस्त्यावरून जाताना आई गप्प होती. जुनी कौलं जाऊन स्लॅब पडलाय, एवढंच म्हणाली.

वाडीतली रात्र सुखाची गेली. जाळीची दारं लावली तरी डास आलेच, तेवढं सोडता तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. गाडी किनाऱ्यावर, वाळूत नेली नाही. तीन-साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतली तर भरती यायच्या आत ती काढणं कठीण, आणि खारं पाणी गाडीच्या पोटात गेलं की गंज ठरलेला. शनिवार म्हणून आईचं जेवण साधं, मुगाची खिचडी आणि वाडीतल्या केळफुलाची भाजी. विहिरीच्या पाण्याने टाकी परत भरून घेतली.

रविवारी सात वाजता बंदरावर होतो. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत होते, रात्री गेलेल्या होड्या परत येत होत्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. किल्ल्यावरून येणारी पहिली नाव माणसांनी भरून आली. टोपल्या घेतलेल्या बायका, क्लासला निघालेली मुलं, गॅसचं रिकामं सिलिंडर, दुरुस्तीला निघालेली मिक्सरची मोटार. बेटावरच्या घरात लागणारी प्रत्येक वस्तू अशीच डोक्यावरून आणि पाण्यातून जाते. भांग असूनही नावेपर्यंत पोटऱ्या बुडतील एवढं पाणी होतंच. आईचे गुडघे त्या पाण्यातून चालायचे नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं.

नावेवाल्या मामांनी काही विचारलं नाही. जवळच्या चहाच्या टपरीवरून प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणली, आईला बसवलं आणि चौघांनी मिळून खुर्ची उचलून थेट नावेच्या काठावर टेकवली. आतून दोन कोळिणींनी तिच्या काखेत हात घालून तिला अलगद फळीवर घेतलं. ‘घाबरू नको आये, आमच्या म्हाताऱ्या अशाच येतात-जातात,’ असं त्यांतली एक म्हणाली. लाइफ जॅकेट आम्ही तिच्या मापाचं बरोबर नेलं होतं, ते चढवलं. इंजिन सुरू झालं आणि दहा मिनिटांत आम्ही पलीकडे होतो.

वाटेत मामांनी कुठून आलात, कशाला, असं विचारलं. आईने मैत्रिणीचं नाव सांगितलं. त्यांनी सुकाणूवरचा हात तसाच ठेवून मान वळवली. बाईंनीच त्यांना अक्षरं शिकवली होती. त्या वयाचं गावातलं कोण त्यांच्या वर्गात नव्हतं! बेटावर पाय ठेवेपर्यंत ही बातमी आमच्या पुढे गेली होती. जेवायचं मामांच्या घरीच, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

किल्ल्याची थोडी माहिती सांगते, कारण तिथे माहिती सांगणारं कोणी नसतं आणि लोक तटावर फोटो काढून परततात. गुजरातच्या सुलतानांकडून हे बेट पोर्तुगीजांकडे गेलं. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी ते १७३७ मध्ये घेतलं, म्हणजे खुद्द वसई पडली त्याच्या दोन वर्षं आधी. आज दिसणारा बराचसा किल्ला त्यानंतर बाजीरावांच्या आज्ञेने बांधलेला आहे. उत्तरेच्या मुख्य दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत, आणि एका शिलालेखात बाजीरावांचं आणि बांधकाम पाहणाऱ्या शंकरचं नाव श्लोकात गुंफलंय. पाश्चात्त्यांना मारून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधा, अशा अर्थाचा तो श्लोक आहे. आईने तो मोठ्याने वाचला, अडेल तिथे थांबून, पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूची मुलं गोळा झाली. तिने त्यांच्याकडून तो म्हणून घेतला, आणि पाश्चात्त्य म्हणजे कोण ते विचारलंही. एकाने बरोबर सांगितलं.

दरवाजातून आत गेल्यावर आश्चर्य वाटतं, कारण आत शेती आहे. तटाच्या आत भाजीचे वाफे, फुलझाडं, ताडाची झाडं. अष्टकोनी तळं, त्र्यंबकेश्वराचं देऊळ, दर्गा, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी लागतं ते पावसाचं जमिनीत मुरलेलं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकं असल्याने वर टिकतं. फार उपसा केला की खालचं खारं वर येतं. म्हणून अशा विहिरीवर पंप लावताना गावाने मिळून विचार करायला हवा, असं आईचं मत, आणि माझंही. तटाच्या पायऱ्या तिला चढता येणार नव्हत्या. ती तळ्याच्या काठावर बसली, आम्ही वर जाऊन आलो. वरून वैतरणेचं मुख, दक्षिणेला किल्ल्यापासून सुटा उभा असलेला गोल हनुमंत बुरूज, आणि किनाऱ्यावरची रिसॉर्ट दिसतात. १८ जून २०२५ ला नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला या किल्ल्याचं नाव दिलंय, आयएनएस अर्नाळा. गावात आम्हाला हे बऱ्याच जणांनी सांगितलं आणि सांगताना त्यांचे चेहरे फुलत होते.

शाळा रविवारची बंद. आई फाटकाशी उभी राहिली. एका मुलाने जाऊन किल्लीवाल्या मावशींना बोलावून आणलं, त्यांनी व्हरांडा उघडला. बाकी काही नाही, आई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली आणि भिंतीवरचे तक्ते वाचत राहिली. बाराखडी, पाढे, माझा तालुका. आम्ही बाजूला झालो. बराच वेळ ती तिथे होती आणि मैत्रिणीच्या वेळची माणसं एकेक करून येऊन तिच्याशी बोलत होती.

जेवायला तांदळाची भाकरी, बोंबलाचं आंबट कालवण, तळलेली मांदेली. घर लहान, लख्ख, भिंतीला लागून जाळ्यांचे ढीग. याच घरात, जेवताना, गावाचं खरं दुःख ऐकायला मिळालं. समुद्र बेट खातोय. मामांच्या मोठ्या भावाचं घर जिथे होतं तिथे आता लाटा येतात. त्यांनी आम्हाला नेऊन दाखवलं. वाळूत जोत्याचे दगड, अर्धी भिंत, मुळं उघडी पडून आडवा झालेला माड. दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी घरांत शिरतं. खाडीच्या मुखातला वाळूउपसा याला कारण आहे असं गावकरी ठामपणे म्हणतात. कितीतरी वर्षं त्यांची एकच मागणी आहे, धूपप्रतिबंधक बंधारा पूर्ण व्हावा. आणि दुसरी, कोणत्याही पाण्याला नाव लागेल असा धक्का. रात्री बाळंतिणीला कळा आल्या किंवा कुणाच्या छातीत दुखलं तर आजही तिला अंधारात खुर्चीतून किंवा खांद्यावरून पाण्यात उतरवूनच न्यायचं. सकाळी आईला उचलताना त्या चौघांचे हात इतके सराईत का होते, ते मला तेव्हा कळलं.

मुंबईला लागून असलेल्या गावाला एक धक्का मिळायला एवढा वेळ का लागावा? आम्ही तिथे एक दिवस गेलो, भांगाची तिथी निवडली, मदतीला चार हात मिळाले. त्यांना तिथी निवडता येत नाही. आजार उधाणालाही येतो.

साडेतीनला, हिशेबाप्रमाणे, पाणी चढू लागलं होतं. खुर्ची पुन्हा आली. निघताना आईच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली गेली. तिने आणलेली सुकेळी आणि शाळेसाठी घेतलेली गोष्टींची पुस्तकं सकाळीच दिली होती. नावेत तिला झोप लागली.

परतीला रो-रोची वेळ जुळत नव्हती, म्हणून विरार फाट्यावरून महामार्ग धरला आणि वर्सोवा पुलाच्या आधीच्या रांगेत अडकलो. एरवी तिथे मी रडकुंडीला आले असते. आई मागे पलंगावर आडवी होती, मधूनमधून पाणी पीत होती, उठून जाऊन येत होती.

ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. टॉयलेटचा डबा किनाऱ्यावर, गटारात किंवा कुणाच्या शेतात ओतायचा नाही. आतलं रसायन सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं, म्हणून वाडीतल्या टँकमध्येही आम्ही तो ओतला नाही. बंद करून परत आणला आणि गाडीवाल्यांच्या यार्डात त्यांच्या ठरलेल्या जागी रिकामा झाला. हे भाडं ठरवतानाच विचारून घ्यावं. बेटावर जाताना कचऱ्याची पिशवी बरोबर ठेवावी आणि भरून परत आणावी, कारण तिथे टाकलेली बाटली पुन्हा नावेत चढवून कोणीतरी आणणार किंवा ती समुद्रात जाणार. जून ते नारळी पौर्णिमा या काळात हा बेत करूच नये. आणि जेवण गावातच, सांगून, पैसे देऊन घ्यावं. मामांनी आमचे पैसे घेतले नाहीत तेव्हा ते शाळेच्या नावाने मावशींकडे ठेवले.

आईने आता पुढचं काढलंय. मारंबळपाडा ते जलसार अशी वैतरणेवरची रो-रो २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, त्या बोटीने सफाळ्याकडून केळव्याला जायचं आणि शितलादेवीचं दर्शन घ्यायचं, असं तिचं म्हणणं आहे. गाडीवाल्यांना फोन केलाय. पाट आणि दांडी त्यांनी काढून टाकलेली नाही. दिवाळीनंतरच्या अष्टमीला गाडी मोकळी आहे.